आमची वाटचाल : शिशाच्या चकतीमागचा उजेड

आमची फर्म तिघांची. धातूच्या ओतीव भागांच्या सीटी स्कॅनमधून स्कॅटर, म्हणजे विखुरलेले क्ष-किरण, वजा करणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सुरुवात मात्र फजितीनं झाली.

तेव्हा आम्ही फक्त स्कॅनिंगची कामं घ्यायचो. अ‍ॅल्युमिनियमचा एक जाड ठोकळा स्कॅन केला, मधला भाग काळसर दिसला आणि ‘आतून सच्छिद्र’ असा अहवाल देऊन मोकळे झालो. ग्राहकानं ठोकळा कापला. आत भरीव धातू!

बीम हार्डनिंग (कमी ऊर्जेचे किरण धातूत आधी शोषले गेल्यानं होणारी चूक) असणार, असं धरून तांब्याचा फिल्टर लावला. काळसरपणा कमी झाला, पण गेला नाही. मग क्ष-किरणांची ट्यूब आणि ठोकळा यांच्यामध्ये शिशाची जाड चकती चिकटवली. तिच्या सावलीत, किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर, जवळजवळ शून्य यायला हवं होतं; तिथे चांगला उजेड होता. हे किरण सरळ आलेच नव्हते. ठोकळ्यातल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून, दिशा बदलून आडवाटेनं आले होते. कॉम्प्टननं 1923 मध्ये समजावलेली गोष्ट आम्हाला एका चकतीनं पटवली.

वाटेत किती धातू आहे, हे पार झालेल्या किरणांच्या प्रमाणाच्या लॉगरिदमवरून काढतात; घोटाळा तिथेच होतो. शंभरातला एकच फोटॉन (किरणांचा कण) सरळ पार झाला, तर उत्तर 4.6 यायला हवं. तेवढाच स्कॅटर त्यात मिसळला, की 3.9 येतं, आणि धातू आहे त्याहून विरळ भासतो. जाड जागी सरळ किरण मुळातच थोडे, म्हणून फटका तिथेच जास्त.

पुढे मॉन्टे कार्लो सिम्युलेशन, म्हणजे एकेका फोटॉनचा प्रवास संगणकावर फासे टाकल्यासारखा घडवून स्कॅटर किती ते काढणं. स्कॅनमध्ये चित्रं अनेक कोनांतून घेतात; त्यातल्या एका कोनाला अख्खी रात्र जायची, तरी चित्र दाणेदार. आम्ही फोटॉन वाढवत राहिलो, संगणकही वाढवले (तो खर्च अजून डाचतो). स्कॅटर डिटेक्टरवर धुक्यासारखा पसरतो, मग बारीक पिक्सेल हवेत कशाला, हे उशिरा सुचलं. पिक्सेल मोठे घेतले, फोटॉन कमी केले, कोन मोजकेच ठेवले. दाणे गुळगुळीत करून मधले कोन अंदाजानं भरले. रात्रीचं काम मिनिटांवर आलं. सिम्युलेशनला लागणारा ठोकळ्याचा आकार त्याच सदोष स्कॅनमधून घ्यावा लागतो, त्यामुळे सगळं दोनदा फिरवतो.

कॉलिमेटर म्हणजे किरणांचा झोत अरुंद करणारी फट; ती आवळली की स्कॅटर मुळातच कमी होतो. ग्राहक विचारतात, “आता कॉलिमेटर आवळायची गरज नाही ना?” आहे. आम्ही स्कॅटरची सरासरी वजा करतो, त्यानं आणलेला नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, तसाच राहतो. हे सांगितल्यामुळे एक ऑर्डर गेली. डेमोच्या वेळी आता आम्ही आधी कॉलिमेटर आवळतो, मग लॅपटॉप उघडतो.