सहावं पाऊल

भाचीच्या लग्नात मी सप्तपदी पहिल्यांदा नीट बघितली. स्वतःचं लग्न धरून पहिल्यांदा. 1994 साली साताऱ्यात आमची सप्तपदी चालली होती तेव्हा अक्षता केव्हाच पडून गेल्या होत्या, पहिली पंगत बसली होती, काका जिलबीच्या काळजीत होते आणि फोटोग्राफर "वहिनी, इकडे बघा" करत होता. शालूचा घोळ सावरता सावरता माझं एक पाऊल राशीवर पडलंच नाही. वरची सुपारी तेवढी घरंगळत होमाकडे गेली. धाकट्या भावाने ती उचलून जागेवर ठेवली. गुरुजी म्हणाले, "चालेल, चालेल, पुढे व्हा."

भाचीच्या लग्नाला पौरोहित्य करायला बाई होत्या. पुण्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. त्या मंत्र म्हणायच्या, थांबायच्या, मराठीत अर्थ सांगायच्या, आणि मगच पाऊल. "इष एकपदी भव. पहिलं पाऊल अन्नासाठी."

शेजारून नवरा माझ्याकडे वाकला. "बघ. मी पहिल्यापासून हेच सांगतोय."

मला हसू आलं, पण गोष्ट डोक्यात बसली. लग्न कशासाठी करायचं, यावर आमच्या घरात दोन्ही मुलांनी मला फैलावर घेतलेलं आहे. वंशासाठी? समाजासाठी? एकटेपणा नको म्हणून? मी दर वेळी काहीतरी गोलमाल बोलून सुटले. आणि इथे इतक्या जुन्या मंत्रात पहिल्याच पावलाला भाकरीचं बोलून टाकलंय. प्रेमाचा पत्ता नाही. दुसरं बळासाठी, तिसरं पैशाअडक्यासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं मुलाबाळांसाठी. म्हणजे मुलं पाचव्या नंबरावर. आमच्याकडे सासूबाईंनी ती पहिल्या दिवाळीलाच पहिल्या नंबरावर आणली होती.

अन्नाच्या पावलाची आमची कथा शेपूपाशी सुरू होते. त्याला शेपू जीव की प्राण. मला त्याच्या वासानेच मळमळतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याने मोठ्या कौतुकाने दोन जुड्या आणल्या आणि मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मग तह झाला: शेपू मी माहेरी गेल्यावर. माझी आई जायच्या आधी मी वर्षातून दोनतीनदा तरी माहेरी जायचे, तेव्हा त्याची चंगळ असे. आई गेली तसा घरातून शेपूही गेला. त्याने कधी विषय काढला नाही. हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली.

सहावं पाऊल ऋतूंसाठी. ऋतुभ्यः षट्पदी. बाई म्हणाल्या, सगळे ऋतू तुम्हाला अनुकूल असोत. छान आहे, पण दोघांना एकच ऋतू अनुकूल असतो असं कुणी सांगितलं? आमच्याकडे ऋतू पंख्याच्या रेग्युलेटरवर ठरतात. त्याला बारा महिने 5 वर पंखा लागतो, मला 2 वर. तीन दशकं तो झोपताना फिरवतो, मी रात्री उठून फिरवते, पहाटे तो पुन्हा फिरवतो. त्या बटणावरचे आकडे पार पुसून गेलेत, आता नुसत्या खटक्यावर ओळखायचं. माझी चाळिशी उलटली आणि एका मे महिन्यात मीच रात्री घामाघूम होऊन उठले, पंखा 5 वर केला. अंधारात त्याचा आवाज आला, "तब्येत बरी आहे ना?" आणि मी काही म्हणायच्या आत त्याने गोधडी ओढून घेतली. थंडी त्यालाही वाजायची तर!

सातवं पाऊल सख्याचं. मंत्र नवरीला उद्देशून आहे, तरी शब्द 'सखा' आहे, सखी नाही. मला हे फार आवडलं. पण त्याला लागूनच 'सा मामनुव्रता भव' येतं. मैत्र हो, आणि मला अनुसरून राहा! बाईंनी "म्हणजे दोघांनी एकमेकांना" असं म्हणून वेळ निभावली. त्यापेक्षा जोतीराव फुले सरळ. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत नवरीच नवऱ्याला म्हणते की आम्हाला स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तो देण्याची शपथ घे. आणि तो बायकांच्या अधिकारांसाठी झटेन असं कबूल करतो. 1873 साली सत्यशोधक पद्धतीची लग्नं सुरू झाली. आमचं लग्न झालं तेव्हा त्याला सव्वाशे वर्षं होत आली होती आणि शपथ दूरच, मला उखाण्यात नाव घ्यायला लावलं होतं. तीनदा. त्याने एकदा.

जेवताना नवा जावई, तो वकील आहे, सांगत होता की 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख आहे; जिथे तो विधी असतो तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. नुसतं सर्टिफिकेट आणून भागत नाही, असं सुप्रीम कोर्टानेही 2024 मध्ये म्हटलंय. मी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. सुपारीची गोष्ट त्याला सांगितली नाही.

परवा सकाळी मंडईतून नवऱ्याचा फोन. मागे भाजीवाल्यांचा गलका.

"मेथी काही बरी नाही गं. तांदळीही नाही." मग जरा थांबून, "शेपू मात्र कोवळा आहे."

पुढे काही बोलला नाही. मीही गॅसवरच्या दुधाकडे बघत राहिले.

"आण," मी म्हटलं. "मुगाची डाळ घालून तूच कर. आणि करताना पंखा 5 वर ठेव."