गुडमन क्रीकवरून परत

वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिम्पिक नॅशनल पार्क म्हटलं की लोकांना बर्फाची शिखरं आठवतात. माझं काम बहुतेक त्याच्या समुद्राकडच्या पट्ट्यात असतं. थर्ड बीच ते ऑइल सिटी ही साधारण २७ किलोमीटरची वाट मी गाइड म्हणून करते. वाळू, शेवाळलेले गोटे, आणि जिथे कडा थेट समुद्रात उतरतो तिथे दोर धरून जंगलात चढायचं. ऑइल सिटीत शहर नाही, फक्त वाट संपते.

सप्टेंबरअखेर सिअ‍ॅटलचं एक मराठी जोडपं आलं, सोबत पुण्याहून आलेले नवऱ्याचे वडील. काका सत्तरीच्या आसपासचे, सह्याद्रीत आयुष्यभर फिरलेले.

पहिला मुक्काम टोलियाक पॉइंटला. रात्रीच दक्षिणेचा वारा सुटला. वादळात हवेचा दाब उतरतो, वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आणि समुद्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा वर राहतो. तक्त्यातली ओहोटी मग कागदावरच उरते. सकाळी पुढे निघालो तेव्हा मला जास्त काळजी होती ती जंगलातल्या ओढ्यांची. तिथे पूल नाहीत.

गुडमन क्रीकचं पाणी एरवी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, पण तळ दिसतो. त्या दिवशी गढूळ लोंढा होता, त्यातून फांद्या वाहत होत्या. काठी टेकवली तर हातात ठरेना. मुलगा म्हणाला, "दोर बांधून जाऊया ना." मी स्पष्ट नाही म्हटलं. कमरेला दोर बांधलेल्या माणसाचा पाय सुटला की तोच दोर त्याला प्रवाहात पाण्याखाली धरून ठेवतो. हे ओढे लांबीने लहान. पावसाबरोबर झपाट्याने चढतात, तसेच उतरतातही. थांबणं किंवा परतणं, दोनच मार्ग. आम्ही परतलो.

परतताना काका मागे पडू लागले. "काका, थंडी वाजतेय का?"

"अगं, भर आषाढात हरिश्चंद्रगड केलाय मी. पावसाचं काय घेऊन बसलीस!"

पण सॅकचा बक्कल त्यांना लावता येईना. बोटं वळत नव्हती, शब्द जड येत होते. मी तिथेच सगळ्यांना थांबवलं. आषाढातला पाऊस भिजवतो, पण हवा उबदार असते. इथे हवा जेमतेम दहा अंशांची, वर वारा. जॅकेट उघडलं तर आत सुती बनियन, चिंब. ओलं सूत अंगातली ऊब शोषत राहतं. शरीर थंडावलं की आधी हात आणि बोलणं बिघडतं, मग विचार. म्हणून "मी ठीक आहे" या उत्तरावर मी कधीच विसंबत नाही.

ताडपत्रीच्या आडोशाला ओले कपडे उतरवले, कोरडी लोकर चढवली, स्लीपिंग बॅगेत घातलं. ते अजून कुडकुडत होते, याचं मला बरं वाटलं. कुडकुडणं थांबतं तेव्हा खरी भीती. सूनबाईंनी भरपूर साखरेचं गरम पाणी घोट-घोट पाजलं. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून काखेत ठेवल्या. तासाभराने काकांनी विचारलं, "माझा चष्मा कुठाय?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तंबूची जागा हा पुढचा पेच. किनाऱ्यावर वाहून आलेले अजस्र ओंडके पडलेले असतात. उधाणाचं पाणी शिरलं की ते तरंगतात आणि माणूस चिरडतात. मागे जंगलात वाऱ्याने फांद्या तुटतात. वाळलेल्या फांद्या नसलेली, ओंडक्यांच्या रांगेपासून बरीच वर अशी जागा अंधार पडायच्या आत मिळाली. रात्री भरतीला ओंडके एकमेकांवर आदळत होते. मी जागीच होते.

सकाळी वारा पडला. ओहोटी साधून उत्तरेला निघालो. टेलर पॉइंटच्या चिखलात दोराच्या शिडीवर मुलगा वडिलांना हात द्यायला वाकला, तर काका म्हणाले, "तू तुझं बघ." संध्याकाळी थर्ड बीचला पोचलो. उरलेला टप्पा राहिला याची मुलाला हळहळ वाटत होती. काकांनी मात्र वाटेतच माझ्याकडून लोकरीच्या आतल्या कपड्यांची नावं लिहून घेतली.