उघडून पाहिल्याशिवाय खात्री नाही : आमची वाटचाल

सांगलीला आमच्या घरी टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम होता, त्याच्या कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत मात्र तेच मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा निघत. ते यंत्र निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राची नक्कल आहे, हे आम्हा मुलांच्या गावीही नव्हते. पुढे नोकरीनिमित्त टोकियोला आलो, आकिहाबारातल्या एका दुकानात 1983 सालचा खरा फॅमिकॉम पाहिला आणि दुकानदार त्याच्या खेळाला ‘कासेत्तो’ म्हणतो हे ऐकून थबकलो, कारण सांगलीच्या गल्लीत आम्हीही कॅसेटच म्हणत होतो. सुट्टीत घरून आणलेली कॅसेट त्या यंत्रात चपखल बसली, कारण दोन्हींची जोडणी 60 पिनांचीच आहे. मग दोन्ही कॅसेट उघडल्या. आमच्या कॅसेटच्या बोर्डावर काळ्या राळेचा एक वाटोळा ठिपका होता आणि चिप त्याच्याखाली गाडलेली होती. जपानी कॅसेटमध्ये मात्र पाय असलेल्या, क्रमांक छापलेल्या स्वतंत्र चिप्स ओळीने बसवलेल्या होत्या. हे दोन बोर्ड मी रात्री उशिरापर्यंत शेजारी शेजारी ठेवून पाहत बसलो होतो, आणि जुन्या खेळांच्या कॅसेट उघडून, अस्सलपणा तपासून दाखल्यासह विकण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात मी त्या रात्रीपासूनच धरतो.

टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून पत्नीने आणि मी हे काम सुरू केले, तेव्हा पहिली पायरी होती ती परवान्याची. जपानमध्ये जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा तर 1949 च्या कायद्यानुसार ‘कोबुत्सुशो’ परवाना लागतो आणि त्याचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. दहा हजार येनांच्या आतल्या बहुतेक खरेदीला विक्रेत्याची ओळख तपासण्यातून सूट आहे, पण व्हिडिओ गेमला ती नाही. अगदी शंभर येनांची कॅसेट घेतली तरी कोणाकडून घेतली याची नोंद ठेवावी लागते. सुरुवातीला हा जाच वाटला. आज आमची खरेदीची वही हीच आमची सर्वांत मोठी ठेव आहे, कारण कॅसेट कोणत्या घरातून आली हे कळले की निम्मी शंका तिथेच मिटते.

पहिल्याच वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. ठाण्याच्या एका ग्राहकाला आम्ही पोकेमॉन एमराल्ड या खेळाची कॅसेट अस्सल म्हणून पाठवली. ती आम्ही एका घाऊक विक्रेत्याकडून गठ्ठ्यात घेतली होती आणि केवळ बाहेरून पाहिली होती. महिन्याभराने त्या गृहस्थांनी कळवले की खेळातली साठवलेली प्रगती पुसली जाते. कॅसेट परत मागवून उघडली, तेव्हा घड्याळ चालवणारी बॅटरी आत नव्हतीच. टोकाच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर, खाचेतून डोकावले तरी दिसणारे निन्टेंडोचे नाव बोर्डावर नव्हते आणि लेबलवर दाबून उमटवलेला दोन अंकी क्रमांकही नव्हता. तीनही खुणा तपासायला दोन मिनिटे पुरली असती. आम्ही पूर्ण पैसे परत केले आणि त्या दिवसापासून आमच्याकडून एकही कॅसेट न उघडता बाहेर पडलेली नाही.

उघडण्याचे काम सोपे नसते. निन्टेंडोच्याच सुपर फॅमिकॉम आणि गेमबॉय या यंत्रांच्या कॅसेटला 3.8 मिलिमीटरचा खास पाना लागतो, तर फॅमिकॉमच्या अनेक कॅसेट बिनस्क्रूच्या, नुसत्या खाचांवर बंद केलेल्या असतात. त्यामुळे घाईत पाते फिरवले तर खाच कायमची तुटते. आत चिपवरचे आकडे वाचायचे असतात. 8835 असा आकडा असेल तर ती चिप बहुधा 1988 सालच्या 35व्या आठवड्यातली, आणि खेळ त्याच्या बराच आधीचा असेल तर हे पुनर्मुद्रण आहे की चिप बदलली आहे, याचा शोध घ्यावा लागतो. लेबल भिंगाखाली धरले की छापखान्याच्या रंगांचे ठिपके ठरावीक रचनेत दिसतात. घरगुती प्रिंटरची शाई मात्र तुषारासारखी विखुरलेली असते.

या कामातला माझा सर्वांत आवडता खेळ म्हणजे सनसॉफ्ट कंपनीचा 1992 सालचा ‘गिमिक’. त्याच्या कॅसेटमध्ये आवाजाची जादा सोय असलेली चिप आहे आणि तिच्यामुळे फॅमिकॉमच्या स्वतःच्या आवाजांत आणखी तीन स्वरांची भर पडते. दुसऱ्या एखाद्या खेळाच्या बोर्डावर हा खेळ भरून बनवलेली नक्कल चित्राला हुबेहूब असते, पण संगीत पोकळ वाजते. म्हणून ‘गिमिक’ आला की आम्ही तो आधी यंत्रात घालतो, डोळे मिटून ऐकतो आणि मगच पाना हातात घेतो.

2021 च्या जुलैमध्ये सुपर मारिओ 64 या खेळाची एक सीलबंद प्रत अमेरिकेतल्या लिलावात 15.6 लाख डॉलरना गेली, तेव्हापासून सीलबंद खोक्यांबद्दल रोज विचारणा होते. आम्ही ती खोकी घेत नाही आणि प्रमाणितही करत नाही. खोक्याचे प्लास्टिक पारखणारे जाणकार आहेत आणि त्यांच्या विद्येबद्दल मला आदर आहे, पण आमच्या दाखल्यावर बोर्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे असतात, आणि जे पाहिले नाही त्याखाली सही करणे मला मान्य नाही.

बॅटरी बदललेली असेल तर दाखल्यात तसे लिहितो, कारण कारखान्यात तिच्या पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या असतात आणि नंतरचे डाख लगेच ओळखू येतात. बॅटरी काढली की आत साठवलेली जुनी प्रगतीही पुसली जाते, म्हणून मूळ मालकाला आधी विचारतो. जपानी मुले कॅसेटच्या पाठीवर मार्करने आपले नाव लिहीत. ते पुसून द्या, असे काही ग्राहक सांगतात. आम्ही पुसत नाही. द्रावणाने प्लास्टिकचा मूळ पोत जातो, आणि ज्या मुलाने ती कॅसेट तीस वर्षे जपली, त्याचे नाव दाखल्यात ‘पाठीवर जुने नाव’ एवढ्याच शब्दांत नोंदवून कॅसेट आहे तशी पाठवतो.