सातारा–पाटण–भिलवडी–मिरज: सिमेंट पत्र्यांच्या मोजणीचे तीन दिवस

भारतात ॲस्बेस्टॉसच्या (खडकातून निघणारे बारीक तंतू, श्वासातून फुप्फुसात गेले तर घातक) खाणी बंद पडून बरीच वर्षं झाली. सिमेंटच्या पत्र्यात मिसळला जाणारा पांढरा ॲस्बेस्टॉस बाहेरून, मुख्यतः रशिया आणि कझाकस्तानातून येतो. उद्या देशभर बंदी आली तर बंदरात माल अडवणं हा सोपा भाग. जो आधीच गोठ्यावर, गुऱ्हाळावर, शाळेवर चढलेला आहे, त्याची यादी गावोगाव जाऊनच करावी लागणार. हा दौरा त्या यादीच्या रंगीत तालमीसाठी होता. मागून जाणाऱ्यांनी मार्च-एप्रिल धरावा. जूननंतर पाटणकडे छपराखाली उभं राहूनही काही दिसत नाही.

पहिला दिवस: सातारा, उंब्रज, पाटण. पाऊस जितका जास्त तितका पत्रा लवकर झिजतो. वरचं सिमेंट धुपतं, तंतू उघडे पडतात आणि पाण्याबरोबर पन्हाळात उतरतात. म्हणून आधी पन्हाळातला गाळ पाहा. तो सुकलेला असताना खराट्याने ओढला तर जी धूळ उडते, तिची भीती अख्ख्या पत्र्यापेक्षा जास्त. गाळ ओला करून खुरप्याने पिशवीत भरायचा. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशरचं पाणी मारतात, ते थांबवा. त्यात पत्र्याचीच साल निघते.

ओळख पटवायला पत्र्याच्या आतल्या बाजूचा ठसा शोधा. आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक. आयएस ४५९ असेल तर ॲस्बेस्टॉस, आयएस १४८७१ असेल तर बिनॲस्बेस्टॉसचा फायबर सिमेंट. दोन्ही दिसायला जुळे भाऊ. ठसा पुसला असेल तर जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच धरून चालायचं. नमुन्यासाठी पत्रा फोडत बसू नका. आधीच तुटलेल्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा ओला करून दोन पिशव्यांत घाला, एवढा पुरतो.

छपरावर कुणालाही चढू देऊ नका. श्वासात गेलेल्या तंतूंचा फुप्फुसाचा आजार २०-३० वर्षांनी उभा राहतो, पण पत्रा मोडून खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. जावंच लागलं तर छपराच्या सांगाड्यातल्या कैच्यांवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवरूनच, पट्टा बांधून.

दुसरा दिवस: कराडवरून ताकारी, पलूस, भिलवडी. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की बॉयलरची दुरुस्ती निघते. जुन्या बॉयलरचं लॅगिंग (उष्णता राखायला गुंडाळलेलं वेष्टन) आणि दाराची ॲस्बेस्टॉस दोरी हा पत्र्यापेक्षा वाईट माल, कारण त्याला सिमेंटने धरून ठेवलेलं नसतं. हातात चुरतो. ते काम गवंड्याच्या हाती देऊ नये, एवढं स्पष्ट सांगतो.

कृष्णाकाठी वेगळीच अडचण. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर फुटक्या पत्र्यांचं काय झालं, हे प्रत्येक गावात विचारा. चिखल होऊ नये म्हणून असे तुकडे अंगणात, गोठ्यासमोर भरावाला टाकायची पद्धत आहे. त्यावरून ट्रॅक्टर जातो आणि तुकड्याचं पीठ होतं. अशी जागा नकाशावर लाल करा आणि तूर्त वर मुरुमाचा थर द्या.

पत्रा उतरवायला याच भागात उत्तम साधन आहे: द्राक्षबागेतला १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप. औषधाचा अंश जाईल इतका धुऊन घ्या, पाण्यात दोन चमचे भांड्याचा साबण टाका आणि बारीक फवारा ठेवा. एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी पंप) नको, त्याच्या दाबाने तंतू उडतात. पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे जे-बोल्ट गंजलेले असतात. पाना लावून पिळले की भोकापाशी पत्रा फुटतो. बोल्ट कटरने कापा. ग्राइंडर लागला की सगळी मेहनत पाण्यात. ३ मीटरचा पत्रा सुमारे ४० किलो भरतो, तो दोघांनी हातोहात उतरवायचा, वरून फेकायचा नाही. मास्क एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा (बारीक धूळ गाळणारा); दाढीवर तो बसत नाही, हे आदल्या दिवशीच सांगा.

उतरवलेल्या पत्र्यांच्या गठ्ठ्याला २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचे दोन थर, टेप, आत काय आहे त्याची चिठ्ठी. भंगारवाल्याला एकही पत्रा द्यायचा नाही. घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राशी (इथून जवळचं रांजणगावचं) वजन आणि तारीख ठरल्याशिवाय पहिला बोल्टसुद्धा कापू नका, नाहीतर गठ्ठे वर्षभर बांधावर पडून फाटतात.

बदली छपराचा हिशेबही आधीच करून ठेवा. कलर कोटेड पत्रा सिमेंटच्या निम्म्याहून हलका असतो. जुन्याच अंतरावर, जुन्याएवढेच स्क्रू मारले तर वळवाच्या पहिल्या वाऱ्यात उडतो. पोल्ट्रीत वर उष्णतारोधक थर न दिल्यास मे महिन्यात कोंबड्या मरतात आणि मालक परत सिमेंट पत्रा शोधतो.

तिसरा दिवस सांगली-मिरजेत, माणसांच्या यादीसाठी. पत्रा कापणारे, लॅगिंग काढणारे आणि त्यांचे कपडे घरी धुणाऱ्या बायका, तिघांची नोंद घ्या: काम कोणतं, किती वर्षं, कुठल्या ठिकाणी, तंबाखू-विडी आहे का. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटीने वाढतो, म्हणून विडी सोडवणं हा उपचाराचाच भाग. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी तपासणी) करून घ्या. पण पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाव खोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत, जपायला सांगितलं आहे. इतकी वर्षं टिकेल असा कागद वापरा. एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या, कारण तो काम करत होता तो ठेकेदार तोवर राहील याचा भरवसा नाही.