बिल्डिंग सायन्सला खर्च किती, आणि वर्गात कोण कोण?

'अमेरिकेत बिल्डिंग सायन्सचं (इमारतीतली ऊर्जा, उष्णता, उजेड यांच्या शास्त्राचं) मास्टर्स करायला किती पैसे लागतात, आणि वर्गात सगळे आपलेच असतात का?' बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाची मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आई-बाबा, हे दोन प्रश्न जोडीनेच विचारतात.

वार्षिक फीचा आकडा आधी बाजूला ठेवा. एकूण क्रेडिट किती आणि एका क्रेडिटचा दर काय, ते शोधा. समजा ३६ क्रेडिट आणि दर १,५०० डॉलर, तर ५४,००० इथेच झाले. त्यावर आरोग्य विमा, दर सत्राची किरकोळ शुल्कं आणि भाडं. भाड्यासाठी सत्रं नाही, महिने मोजा. उन्हाळ्यात वर्ग नसले तरी घरमालक असतोच. आय-२०साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या कागदासाठी, पहिल्या वर्षाचेच पैसे दाखवावे लागतात, म्हणून पुष्कळ घरं कर्जही तेवढंच काढतात आणि दुसऱ्या वर्षी पळापळ होते. ट्यूशन माफ करणारी असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करायचं काम) बहुधा पीएच.डी.वाल्यांकडे जाते. ती हिशेबात धरू नका.

कर्ज कसं फिटणार, हे सीआयपी कोडवर, म्हणजे कोर्सच्या विषयाला दिलेल्या सरकारी क्रमांकावर, बरंचसं ठरतं. ०४.०९०२ असेल तर कोर्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित या गटात) मोडतो आणि १२ महिन्यांच्या ओपीटीपुढे (पदवीनंतर तिथे काम करायच्या परवानगीपुढे) आणखी २४ महिने मागता येतात. ०४.०२०१ असेल, तर नाही. प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्या. आणि तिथला आर्किटेक्टचा परवाना हवा असेल तर बहुतेक राज्यांत मान्यताप्राप्त व्यावसायिक पदवी लागते, हे एम.एस. म्हणजे ती नव्हे.

आता वर्ग. भारतीय आणि चिनी मुलं भरपूर भेटतील. पण माझ्या मते पासपोर्टपेक्षा आधीची पदवी बघावी. नुसते आर्किटेक्टच असलेल्या गटात काय होतं? राइनो या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये देखणं मॉडेल होतं, हनीबी या जोडसाधनातून ऊर्जेचा हिशेब करणाऱ्या एनर्जीप्लसकडे जातं, पण खोल्या एकमेकींना लागून आहेत हे सांगणारी पायरी राहून जाते. मग दोन खोल्यांमधली भिंतही बाहेरच्या हवेला उघडी धरली जाते. एसीचा भार फुगतो, आणि एरर मात्र येत नाही! मेकॅनिकलवाला शेवटचा आकडा बघूनच थबकतो: ऑफिसला एसीच्या एका टनामागे साधारण ३०० ते ४०० चौरस फूट निघायला हवेत, इथे २०० कसे? उलट त्याच्या खोक्यासारख्या मॉडेलमध्ये समोरच्या इमारतीची सावलीच नसते, आणि ती चूक आर्किटेक्टला लगेच दिसते.

म्हणून कोर्सच्या समन्वयकाला सरळ मेल टाका: मागच्या दोन बॅचमध्ये आर्किटेक्ट किती, सिव्हिल-मेकॅनिकलचे किती, आणि गट कोण पाडतं, प्राध्यापक की मुलं? मुलांवर सोडलं तर पहिल्या आठवड्यातच पुण्याचे पुण्याच्यांबरोबर बसतात.