जुन्या हॉलला हात लावण्याआधी रिपोर्टसाठी ग्रँट – माझा अनुभव

छोट्या कला संस्थेत काम करणाऱ्या आणि जुन्या इमारतीत संसार असलेल्या मंडळींसाठी लिहितेय. आम्हाला ही माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली, कुणाला एका जागी मिळाली तर बरंच होईल.

मी न्यूयॉर्क राज्यात राहते, पण शहरात नाही, अपस्टेटला एका लहान गावात. तिथे मेन स्ट्रीटवर १८८० च्या दशकातली दुमजली विटांची इमारत आहे, खाली दुकानं आणि वर स्टेज असलेला हॉल. असल्या हॉलना इकडे ऑपेरा हाऊस म्हणायचे, ऑपेरा क्वचितच व्हायचा, पण फिरत्या नाटक कंपन्या, भाषणं, शाळेची गॅदरिंग सगळं तिथेच. आता ही वास्तू आमच्या संस्थेच्या मालकीची आहे, नाटकं होतात, मुलांचे क्लास चालतात, गाण्याचे कार्यक्रम असतात, आणि मी बोर्डवर आल्यापासून दिवाळीही तिथेच होते. विंगेतल्या भिंतीवर जुन्या नटांनी पेन्सिलीने केलेल्या सह्या आहेत तारखेसकट, नवीन मुलं आली की आम्ही आधी त्यांना त्याच दाखवतो.

तर झालं असं की मागच्या भिंतीला फुगवटा दिसायला लागला, छताजवळ ओल आणि प्लास्टरचे पापुद्रे. एका कॉन्ट्रॅक्टरने बघून सांगितलं की सांध्यांत सिमेंट भरून घ्या, दोन-चार लोखंडी पट्ट्या मारा, झालं काम. बोर्डवरच्या बऱ्याच जणांना ते पटलंही होतं कारण खर्च आवाक्यातला होता. पण आमच्यात एक रिटायर्ड गवंडी आजोबा आहेत, आयुष्य विटांत गेलेलं, ते म्हणाले पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी कुणाला भिंतीला हात लावू देणार नाही. त्यांच्या त्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

म्हणजे आधी कंडिशन रिपोर्ट हवा, इमारतीची अवस्था तपासून लिहिलेला अहवाल. पण रिपोर्टसाठी पैसे मागणं फार अवघड आहे हो. नव्या छतासाठी लोक देतात, खुर्चीवर आईवडिलांचं नाव लागणार असेल तर आनंदाने देतात, पण आर्किटेक्ट आणि इंजिनिअर येऊन तपासणी करणार आणि एक जाडजूड फाईल देणार, त्याला देणगी कोण देणार? आणि खरी गरज तर तिथेच असते.

सुदैवाने नेमकं ह्याच कामासाठी पैसे देणारे आहेत. प्रिझर्वेशन लीग ऑफ न्यूयॉर्क स्टेट ही १९७४ पासूनची संस्था, आणि १९६० मध्ये सुरू झालेली न्यूयॉर्क स्टेट कौन्सिल ऑन द आर्ट्स, ह्या दोघी मिळून नियोजनासाठी ग्रँट देतात. एक आहे प्रिझर्व्ह न्यूयॉर्क, १९९३ पासून चालू, त्यात इमारतीचा पूर्ण इतिहास आणि बांधणीचा मोठा अहवाल किंवा अख्ख्या परिसराचा सर्व्हे असली कामं बसतात. दुसरी टेक्निकल असिस्टन्स ग्रँट, २०१२ पासूनची, लहान रकमेची, एखाद्या नेमक्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी, म्हणजे इमारतीची तपासणी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, बंद पडलेल्या जागेचा पुन्हा वापर होईल का ते बघणं, रंगीत काचा किंवा भित्तिचित्रांची तपासणी वगैरे. प्रत्यक्ष दुरुस्तीची एक वीटही ह्या पैशांत बसत नाही, हे बोर्डला आधीच नीट समजावून सांगा. आम्ही ह्या दुसऱ्या ग्रँटला अर्ज केला.

पहिलं काम म्हणजे इमारत कागदोपत्री ऐतिहासिक आहे का ते बघणं. १९६६ च्या कायद्याने नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस, म्हणजे देशभरातल्या ऐतिहासिक वास्तूंची सरकारी यादी, सुरू झालं, साधारण ५० वर्षांच्या वरच्या वास्तू त्यात येतात, स्वतंत्रपणे नाहीतर एखाद्या ऐतिहासिक परिसराचा भाग म्हणून. न्यूयॉर्कचा ऑनलाइन नकाशा आहे, त्याला क्रिस म्हणतात, तिथे आपली इमारत शोधता येते. आमची परिसराच्या यादीत निघाली. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं की रजिस्टरवर नाव आलं की खिळाही ठोकता येणार नाही, तसं काही नाही, खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने काय करावं ह्यावर नुसत्या नोंदीने बंधन येत नाही. ऐतिहासिक वास्तू जपण्याचा गावाचा स्वतःचा लँडमार्क कायदा असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, फॉर्म उघडण्याआधी ग्रँटवाल्यांशी फोनवर बोला. मला आधी संकोच वाटत होता की इतक्या लवकर कशाला त्रास द्यायचा, पण त्यांना ते हवंच असतं. आमचं काम कुठल्या ग्रँटमध्ये बसतं हे त्या एका फोनमध्ये क्लिअर झालं.

मग कन्सल्टंट निवडणं. इथे घाई करू नका, कारण अर्जात त्यांचंच प्रपोजल जोडायचं असतं आणि पॅनेल ते बारकाईने वाचतं. प्रपोजल आली त्यात किमतीपेक्षा जास्त फरक होता तो काय करणार ह्यात. सगळ्यात स्वस्त असलेले जमिनीवरून बघून फोटो काढणार होते, माळ्यावर चढण्याचा उल्लेखच नाही. आम्ही ज्यांना घेतलं त्यांच्याबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअर होती, माळा आणि तळघर दोन्ही बघणार होते, मोजमाप घेऊन ड्रॉइंग देणार होते, आणि रिपोर्टमध्ये कामांचा क्रम आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च असेल असं लिहून दिलं होतं. क्रम आणि खर्च, ह्या दोन गोष्टी नसतील तर रिपोर्ट कपाटात जातो.

अर्जात आम्ही इतिहास एका परिच्छेदात बसवला. बाकी सगळी जागा दिली ती प्रश्न काय आहे, आत्ताच का करायला हवं, जागा कोण वापरतं, आणि रिपोर्ट हातात आल्यावर पुढे काय करणार ह्याला. पत्रं घेतली शाळेकडून, लायब्ररीकडून, खालच्या दुकानदारांकडून. "छान संस्था आहे" छापाची पत्रं नकोत असं मी सगळ्यांना स्पष्टच सांगितलं, तुमचं इथे काय होतं ते लिहा. एका आईने लिहिलं की तिचा मुलगा शाळेत बोलत नव्हता आणि आमच्या स्टेजवर बोलायला लागला. फुगलेल्या भिंतीचे फोटो आम्ही बरेच जोडले होते, पण मला वाटतं त्या पत्राने जास्त काम केलं.

माझं माहेर कोल्हापूर. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली तेव्हा इथे बसून मी फोनवर ते व्हिडिओ बघत होते, शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर, जिथे आम्ही लहानपणी नाटकं बघितली ते जळताना. रडले तर होतेच, पण दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं की आमच्या इथल्या हॉलची मोजून काढलेली एकही ड्रॉइंग नाहीये, उद्या काही झालं तर कोण कसा उभा करणार. त्या आठवड्यात बोर्डला मेल लिहिला, आणि ड्रॉइंगचा मुद्दा कामाच्या यादीत वर घेतला तो तेव्हापासून.

ग्रँट मिळाली. थोडा भार आम्हालाही उचलायचा होता, तो एका कार्यक्रमाच्या तिकिटांतून काढला.

तपासणीच्या दिवशी मी दिवसभर त्यांच्या मागे मागे होते. आर्किटेक्ट बोटाच्या पेराने प्लास्टर वाजवत चालली होती, जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूची खूण, म्हणजे आतल्या लाकडी पट्ट्यांपासून प्लास्टर सुटलंय. मग इंजिनिअर माळ्यावर चढली. छताची मोठी लाकडी कैची, म्हणजे छताचा भार पेलणारी चौकट, मागच्या भिंतीत जिथे टेकते तिथे तिने अरी टोचली तर पिकल्या केळ्यात जावी तशी आत गेली. सगळ्यांचे चेहरे उतरले. वरची पन्हळ फुटून पाणी कित्येक वर्षं भिंतीच्या आत उतरत होतं, कैचीचं टोक कुजलं, आणि हिवाळ्यात तेच पाणी गोठून भिंत बाहेर ढकलत होतं.

आता ते सिमेंट भरलं असतं तर? जुन्या विटा मऊ असतात, सांध्यातला चुना त्यांच्यापेक्षाही मऊ, त्यामुळे ओल सांध्यांतून निघून जाते. वरून टणक सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि थंडीत विटांचे तोंडाकडचे टवके उडायला लागतात. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या फुकट मिळणाऱ्या प्रिझर्वेशन ब्रीफ्स मालिकेत दुसरा अंक ह्याच विषयावर आहे, जुन्या विटांचं काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं मी कळकळीने सांगते.

रिपोर्टमध्ये क्रम असा आला: कैचीला ताबडतोब टेकू, मग पन्हळ आणि छताची कड, मग कैचीच्या टोकाची दुरुस्ती, मग भिंत, आणि चुन्याचे सांधे सगळ्यात शेवटी. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने जे पहिलं सांगितलं होतं ते शेवटचं निघालं. टेकू आम्ही लगेच लावला, तोवर वरचा हॉल बंद ठेवून क्लास लायब्ररीत घेतले.

रिपोर्ट हातात असल्यामुळे देणगी मागणं सोपं झालंय, लोकांसमोर आकडा आणि फोटो दोन्ही ठेवता येतात. पन्हळीचे पैसे गावातूनच जमले. मोठ्या कामासाठी आता राज्याच्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन फंडातल्या ऐतिहासिक वास्तूंच्या ग्रँटला अर्ज करतोय, ती साधारणपणे खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत देते, गरिबी जास्त असलेल्या भागात ७५ पर्यंत, उरलेले आपण उभे करायचे. त्या अर्जाला आमच्या रिपोर्टमधली पानंच्या पानं तशीच लागतायत.