बी.कॉम., टायपिंग, टॅली : जिनिंगच्या ऑफिसपर्यंतची माझी वाट

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात कॉमर्स घेतलेल्या पोरापोरींना लोक एकच विचारतात, "मंग बँकेत लागतं काय?" बँकेच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसतो, तिथे कॉमर्सवाल्यांची वेगळी रांग नाही. कॉमर्सची खरी गरज आमच्या अगदी जवळ आहे. हिंगणघाटच्या भोवताली जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने, आहेत, बाजार समितीत अडत्ये आहेत, गावोगावी सेवा सहकारी सोसायट्या आहेत, तालुक्याच्या ठिकाणी पतसंस्था, कृषी केंद्रं आणि कर सल्लागारांची ऑफिसं आहेत. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वह्या लिहितो, आणि त्यातले पुष्कळ जण आता साठीला आले आहेत. मला ते काम करायचं होतं. त्यासाठी काय काय शिकावं लागतं आणि कोणत्या क्रमाने, हे एका ठिकाणी सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

अडचण अशी की पदवी कॉलेजात मिळते, टायपिंग खासगी संस्थेत शिकवतात पण त्याची परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास तिसरीकडेच असतात. कॉलेजात टायपिंगचं कोणी बोलत नाही, टायपिंगवाल्यांना लेखाकर्माशी घेणं नाही, आणि टॅलीच्या क्लासात नावे-जमा येतं असं गृहीत धरतात. हे तीन धागे विद्यार्थ्यानेच जोडायचे असतात.

अकरावी-बारावी मी मराठी माध्यमातून केली. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, अर्थशास्त्र, आणि चिटणीसाची कार्यपद्धती. शेवटचा विषय मुलं गुणांसाठी घेतात आणि निकालानंतर सोडून देतात. त्याचं पुस्तक मी जपून ठेवलं, ते पुढे कामी आलं. बी.कॉम.ला हिंगणघाटला प्रवेश घेतला. विद्यापीठ नागपूरचं, १९२३ साली स्थापन झालेलं. उत्तरं मराठीतून लिहिता येत होती आणि मी तशीच लिहिली. संज्ञा मात्र दोन्ही भाषांत पाठ केल्या, कारण पुढे सॉफ्टवेअर आणि कराचं पोर्टल दोन्ही इंग्रजीतूनच समोर येणार होतं.

हिवाळी सत्राची परीक्षा आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात, हे शहरातल्या विद्यार्थ्यांना सांगूनही कळत नाही. दिवाळीच्या आगेमागे बोंडं फुटतात, मजूर मिळत नाहीत, आणि घरातलं प्रत्येक माणूस शेतात लागतं. मी सकाळच्या एसटीने कॉलेज करायची, दुपारी शेतात जायची आणि रात्री अभ्यास करायची. माझ्याबरोबरच्या काही मुली याच दिवसांत गळाल्या. त्यांना अभ्यास जमत नव्हता म्हणून नव्हे, घरचा कापूस ओला होऊ द्यायचा नव्हता म्हणून. परीक्षेच्या तारखा ठरवताना खरीप हंगामाचा विचार व्हायला पाहिजे, असं मला आजही ठामपणे वाटतं.

लेखाकर्म मला उमगलं ते घरच्या कागदांवरून. वर्गात सूत्रं पाठ असतात: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, येणारी वस्तू नावे, जाणारी जमा, खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि लाभ जमा. पण उदाहरणातला व्यापारी फर्निचर विकत घेतो, आणि तसा व्यापारी मी कधी पाहिला नव्हता. म्हणून पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी आमच्या शेताच्या एका हंगामाच्या वह्या लिहिल्या. बियाणं, खत, फवारणीची औषधं, वेचणीची मजुरी, सोसायटीचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, आणि कापूस विकल्याच्या काटापट्ट्या, म्हणजे वजन-भावाच्या पावत्या. कृषी केंद्रवाला धनको झाला, म्हणजे ज्याचं आपण देणं लागतो तो. पीककर्ज देण्याच्या बाजूला गेलं. बैलजोडी आणि फवारणीचा पंप मालमत्तेत आले, आणि पंपावर घसारा धरताना स्थिर प्रभाग पद्धत (दरवर्षी सारखीच रक्कम) आणि ऱ्हासमान शेष पद्धत (उरलेल्या किमतीवर टक्के) यांतला फरक पहिल्यांदा पैशांत दिसला. रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी), नफा-तोटा, ताळेबंद, सगळं साध्या दोनशे पानी वहीत.

नफा दिसला. बाबांनी वही पाहिली आणि विचारलं, "आपली मजुरी कुठं लिवली यात?" लिहिलीच नव्हती, कारण ती कोणी कोणाला दिलीच नव्हती. घरच्या माणसांची मजुरी धरली की तो नफा जवळजवळ राहत नव्हता. पुढे व्यावसायिक अर्थशास्त्र शिकताना कळलं की कृषी मूल्य आयोगही हमीभावाची शिफारस करताना खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या श्रमाची किंमत धरून होणारा खर्च वेगवेगळे मोजतो. बाबांचा प्रश्न तोच होता. माझ्या मते ग्रामीण कॉलेजात लेखाकर्म शिकवताना पहिला सराव असाच, घरच्या शेताच्या वहीचा असावा.

टायपिंग मी पहिल्या वर्षातच सुरू केलं आणि तसंच करावं असं प्रत्येकीला सांगते. कोर्स सहा महिन्यांचा असतो, मराठी आणि इंग्रजीची प्रमाणपत्रं वेगळी, वेगही वेगवेगळे. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द करायचं ठरवलं, तर पदवीच्या शेवटच्या वर्षावर ढकलून भागत नाही. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचं प्रमाणपत्र मागतात, आणि ते नसलं की पदवी असूनही अर्ज बाद होतो. जुनं मशिनवरचं टायपिंग आता बंद झालं, परीक्षा संगणकावर होते. नुसता वेगाचा उतारा नसतो; वस्तुनिष्ठ प्रश्न, ई-मेल, पत्र आणि तक्ताही करावा लागतो. इंग्रजी बोटांना लवकर बसलं. मराठीत जोडाक्षरं आणि रफार यांनी वेळ खाल्ला. उपाय एकच, कळांकडे न पाहता रोजचा सराव. घरी संगणक नव्हता, म्हणून पुठ्ठ्यावर कळा आखून मी त्यावर बोटं फिरवायची.

टॅली तिसऱ्या वर्षी केलं. तोवर क्लासांत टॅलीप्राइम आलं होतं. एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस, हे दोन दिवसांत हाताला बसतं. टॅली शिकणं अवघड नाही. कोणता कागद कोणत्या व्हाउचरमध्ये, म्हणजे नोंदीच्या प्रकारात, जातो हे ओळखणं अवघड असतं, आणि त्यासाठी हाताने लिहिलेल्या वह्याच उपयोगी पडतात. क्लासातल्या ज्या मुलांनी खतावणी हाताने केली नव्हती, ती स्क्रीनवर ताळेबंद आपोआप आलेला पाहून समाधान मानायची. त्यातला एखादा आकडा कुठून आला हे विचारलं की थांबायची. टॅली नोंद चुकीची असली तरी दोन्ही बाजू जुळवून दाखवतं, म्हणून हा धोका मोठा आहे.

पदवीच्या निकालानंतर हिंगणघाटच्या बाहेर एका जिनिंगमध्ये हंगामापुरतं काम मिळालं. तिथले दिवाणजी जुने, रोकड तोंडी मिळवणारे. पहिल्या दिवशी संगणकापुढे बसवलंच नाही. म्हणाले, "टॅलीत सारं येते बेटा. आधी कागद वाचता आला पाह्यजे. हे काटापट्ट्यांचे गठ्ठे घे, गाडीवार लाव." भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस, भाव, रक्कम, शेतकऱ्याचं नाव, गाव, बँक खातं. ते गठ्ठे लावताना हंगाम कसा चालतो ते समजलं: कोणत्या दिवशी आवक चढली, भाव कधी तुटला, कोणत्या गावची गाडी ओल्या कापसामुळे कमी भावात गेली.

मग जीएसटी. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण कोणत्याच क्लासात मला हे शिकवलं गेलं नव्हतं आणि आमच्या भागात तर हेच रोज लागतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून कच्चा कापूस रिव्हर्स चार्जखाली आणला गेला. नेहमी विकणारा कर गोळा करून भरतो. इथे विकणारा शेतकरी असतो, त्याच्याकडे नोंदणी नसते, म्हणून कर भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, म्हणजे जिनिंगवर. समजा शेतकऱ्याने १० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने दिला. खरेदी ७०,००० रुपये नावे, शेतकऱ्याचं खातं ७०,००० रुपये जमा. शेतकऱ्याला पूर्ण ७०,००० मिळतात. त्याखेरीज ५ टक्क्यांनी ३,५०० रुपये कर, त्यातला १,७५० केंद्राचा आणि १,७५० राज्याचा, जिनिंगच्या नावावर देय होतो. शेतकरी बिल देत नाही, म्हणून खरेदीचं बिल जिनिंगनेच तयार करायचं असतं. हा कर जुन्या क्रेडिटमधून, म्हणजे आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीतून, वळता करता येत नाही; पोर्टलवरच्या कॅश लेजरमधून, म्हणजे रोख भरलेल्या पैशांच्या खात्यातून, भरावा लागतो. भरला की त्याचंच क्रेडिट मिळतं, आणि रुई विकताना लागणाऱ्या करापोटी ते वापरता येतं. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी (कर भरण्याचं विवरण) २० तारखेपर्यंत जायला हवं. हंगामात २० तारीख आली की रोखीची तंगी का होते, ते मला तिथे कळलं. रोज लाखांनी खरेदी होते, कर आधी रोखीने भरावा लागतो आणि क्रेडिट मागाहून हाती येतं.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी पहिलंच विचारलं, "मंग आपल्या पट्टीतून कापत नाही काय ते?" गावात अनेकांची समजूत हीच होती. मी त्यांना आमचीच पट्टी आणि तेच गणित समोर ठेवून दाखवलं. पुढे कट्ट्यावर ते स्वतःच चार जणांना समजावत होते. शिक्षणाचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला असेल तर तो त्या संध्याकाळी.

पैशांबरोबर मालाचाही हिशेब जुळावा लागतो. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. ३४ टक्के उतारा धरला तर ५०० क्विंटल कापसातून १७० क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या १०० गठाणी. वहीतल्या गठाणी आणि गोदामातल्या गठाणी यांत फरक आला तर ओल धरली का, उतारा बदलला का, की एखादी काटापट्टी दोनदा चढली, हे शोधायचं. परिव्यय लेखांकनाच्या, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या, पेपरात सामान्य घट आणि असामान्य घट शिकले होते, त्याचा अर्थ इथे रोज दिसत होता.

हंगाम संपल्यावर मी गावच्या सेवा सोसायटीत गटसचिवांना, म्हणजे सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्यांना, मदत करायला जाऊ लागले. इथे चिटणीसाच्या कार्यपद्धतीचं पुस्तक बाहेर काढलं. सभेची सूचना, विषयपत्रिका, इतिवृत्त, ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण, आवक-जावक नोंद. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ऑगस्टपासून कागदांची धावपळ सुरू होते. ठरावात "चर्चा झाली" एवढंच लिहिलं तर लेखापरीक्षक विचारतात, चर्चेत ठरलं काय? ऑफिसचं काम म्हणजे टेबलावर बसणं, असं समजणाऱ्यांनी एकदा नीट इतिवृत्त लिहून पाहावं. कर्जमंजुरीचा एक ठराव मोघम लिहिला गेला तर त्या शेतकऱ्याचं कर्ज पेरणीच्या तोंडावर अडकतं.

नवीन प्रवेश घेणाऱ्यांसाठी माझा क्रम असा: पहिल्या वर्षी टायपिंगची एक भाषा आणि घरच्या शेताची वही, दुसऱ्या वर्षी टायपिंगची दुसरी भाषा, तिसऱ्या वर्षी टॅली, आणि टॅलीच्या आधी जीएसटीची मूळ कल्पना. एमएस-सीआयटी मध्ये जमेल तेव्हा उरकावी. टॅलीचा क्लास निवडताना एकच विचारावं: रिव्हर्स चार्जची नोंद शिकवता का? उत्तर देताना चाचरले तर दुसरा क्लास पाहावा. कामासाठी जाताना प्रमाणपत्रांबरोबर आपण लिहिलेली वही सोबत न्यावी. दिवाणजींनी माझं प्रमाणपत्र उघडलं नाही, शेताची वही मात्र शेवटच्या पानापर्यंत पाहिली.

मी आता जी.डी.सी. अँड ए.ची तयारी करते आहे. ही सहकार खात्याची पदविका परीक्षा, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, सहा विषय असतात. त्यात सहकार कायदा आहे आणि लेखापरीक्षणही. ती झाली आणि पुढचा अनुभव मिळवला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचं काम मिळवण्याची वाट उघडते. परीक्षा बहुधा मे महिन्यात होते, म्हणजे जिनिंगचा हंगाम ओसरलेला असतो आणि पेरणीला अजून वेळ असतो. अर्ज नागपूर केंद्रासाठी भरायचा आहे.